निळे रांजण

शिरपूर जैनच्या अलीकडे एक फाटा आहे. एक मोठा कडुनिंब, एक पंक्चरचं दुकान आणि देवमनची पाणपोई, एवढाच त्याचा पसारा. पंक्चरवाले बदलत राहतात. कडुनिंब आणि पाणपोई मात्र आहेत तिथेच आहेत. सरकारी पाटीवर फाट्याला काहीतरी नाव आहे, पण एसटीत बसलेली माणसं ते घेत नाहीत. 'देवमनच्या पाण्यापाशी उतरवा,' म्हणतात, आणि कंडक्टरही पुढे काही न विचारता घंटी मारतो.

हा देवमन गेल्या पावसाळ्यात गेला. अंथरूण धरलं नाही, कोणाकडून सेवा करून घेतली नाही. सकाळचा चहा घेतला, 'जरा पडतो' म्हणाला आणि पडला तो पडलाच. त्याची बायको केशरबाई त्याच्यावर अजून चिडलेली आहे. माणसानं जाताना दोन शब्द तरी बोलून जावं की नाही? पण बोलणं देवमनच्या वाट्याला आलंच नव्हतं. घरात बोलायचं काम सगळं केशरबाईकडे होतं आणि तिनं ते जन्मभर कसूर न करता केलं.

ती इंझोरीची. लग्न होऊन या गावात आली तेव्हा देवमन रस्त्याच्या कामावर मजूर होता. दिवसभर डांबर तापवायचं, खडी पसरायची आणि संध्याकाळी पायांचं डांबर रॉकेलनं पुसत अंगणात बसायचं. लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील, एका हिवाळ्यात तो बैलगाडी घेऊन कुंभाराकडे गेला आणि कडब्यात बसवून तीन मोठे रांजण घेऊन आला. केशरबाई दारात उभी राहून पाहतच राहिली.

"हे कायले?"

"पान्यासाठी."

"घरात चार मानसं अन् रांजन तीन?"

"रस्त्यावर लय मानसं हायेत," देवमन म्हणाला आणि बैल सोडायला गेला.

त्या महिन्यातलं त्याचं सगळ्यात मोठं भाषण ते. खरं कारण तिला कितीतरी वर्षांनी कळलं, तेही एकदाच, मुलाच्या, विनोदच्या बारशाला पाहुणे गेल्यावर. देवमन लहान असताना बापाबरोबर बाजाराला चालला होता. वाटेतल्या एका गावात त्यांनी पाणी मागितलं. घरमालकानं ओट्यावर उभं राहून तांब्या उंच धरला, खाली या बापलेकांनी ओंजळी केल्या. वरून पडलेलं पाणी निम्मं मातीत गेलं. 'झालं का?' म्हणून त्या माणसानं तांब्या मागे घेतला आणि बाप 'झालं मालक' म्हणाला. देवमनचं झालं नव्हतं. एवढंच त्यानं सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

म्हणून त्याच्या पाणपोईला ओंजळ हा प्रकारच नव्हता. जो येईल त्याच्या हातात पेला द्यायचा, भरलेला, काठोकाठ. पेल्याला साखळीही नाही. केशरबाई दर उन्हाळ्यात ओरडायची, "साखळी लाव, लोकं गिलास नेतात." तो म्हणायचा, "बांधलेल्या गिलासानं पेताना मानूस वाकते." आणि पुन्हा बाजारातून स्टीलचे पेले आणायचा. त्या पट्ट्यातल्या निम्म्या घरांत देवमनचे पेले निघतील, असं केशरबाईचं ठाम मत आहे आणि ते फारसं चुकीचं नसावं.

पहिल्या उन्हाळ्यात गावातली बडी घरं त्या पाण्याकडे वळली नाहीत. पाणपोई कोणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं. देवमन रोज रांजण भरायचा आणि संध्याकाळी उरलेलं पाणी निंबाला घालायचा. निंबाची चंगळ झाली. मग एका दुपारी काळी-पिवळी जीप येऊन थांबली. ती चालवणारा दिलावर तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता. उतरला, पेला रिकामा केला, दुसरा मागितला आणि जीपमधल्या लोकांना ओरडला, "अबे उतरा ना, बर्फासारखं पानी हाय." जीपमध्ये कोण कोणत्या घरचं होतं हे त्या उन्हात कोणी मोजत बसलं नाही. दिलावर पुढे रोज थांबू लागला आणि त्याच्यामागे आख्खा रस्ता थांबू लागला.

थंडाईची, म्हणजे त्या पाण्याच्या गारव्याची, ख्याती अशी पसरली. लोक म्हणायचे, रांजण तर आमच्या घरीही आहे, पण देवमनच्या पाण्याची सर नाही. त्याच्या हातालाच थंडाई आहे. केशरबाई वरवर 'हट' म्हणायची, पण हे बोलणं तिनं पदराच्या गाठीला बांधून ठेवलं होतं. नवरा काळा, ठेंगणा, बोलायला कंजूस. पण त्याच्या हाताला थंडाई आहे असं चार गावं म्हणतात, ही काही लहान गोष्ट नव्हती. माहेरी गेली की ती हे कोणत्या ना कोणत्या निमित्तानं काढायचीच.

एकदा तर रांजणाचं पाणी चालत नाही असं माणूस आलं. शिरपूरच्या देवळाला निघालेल्या यात्रेकरूंची गाडी फाट्यावर बंद पडली. त्यांच्यात गुजरातकडची एक म्हातारी होती, तिला फक्त उकळलेलं पाणी लागायचं. ओठ सुकून पांढरे पडलेले, पण नेम मोडायला तयार नाही. देवमननं केशरबाईकडे नुसतं पाहिलं. तिनं तिथेच तीन दगड मांडले, पातेलं चढवलं. म्हातारी समोर बसून उकळ्या मोजत होती. तीन उकळ्या झाल्या तेव्हा पाणी परातीत ओतलं. धूळ पडू नये म्हणून केशरबाई परातीवर ताट ठेवायला गेली तर देवमननं तिचा हात धरला. "झाकू नको. वाफ जाऊ दे. मंगच निवते." दोघं परातीच्या दोन बाजूंना बसून पदरानं, टोपीनं वारा घालत राहिली. म्हातारी पाणी प्यायली आणि तिनं केशरबाईच्या गालावरून हात फिरवला. तिच्या भाषेतलं केशरबाईला काही कळलं नाही, पण त्या दिवशी देवमन घरी परतताना गुणगुणत होता, हे तिला आजही आठवतं. त्याला गुणगुणताना तिनं तेवढंच एकदा ऐकलं.

तर असा हा माणूस गेला आणि पहिला उन्हाळा आला. विनोद वाशीमला नोकरीला, त्याची बायको पौर्णिमा तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. दोघांनीही सांगून पाहिलं, आई, आता पाणपोई राहू द्या, झेपणार नाही. केशरबाईनं ऐकलं नाही. पाणपोई तर लावायचीच, पण यंदा ती अशी लावायची की देवमनला जिथे असेल तिथून दिसावी. होळीच्या सुमारास तिनं सुनेला फर्मान सोडलं.

"पोर्निमा, भीमजयंती येऊन राह्यली. रांजन यंदा नव्यावानी दिसले पाह्यजे. निळा रंग आन. चांगला, पावसानं न जानारा."

पौर्णिमानं वाशीमहून ऑइल पेंट आणला. रांजण वाळूतून उपसले, धुतले, वाळवले. सासू-सुनेनं मिळून त्यांना निळ्या रंगाचे दोन दोन हात दिले आणि पौर्णिमानं खिळा-दोरा धरून प्रत्येकावर पांढरं अशोकचक्र काढलं. आरे मोजून चोवीस, बाईच विज्ञानाच्या. रांजण ओट्यावर बसवले तेव्हा ते इतके झळकत होते की एसटीतली माणसं माना वळवून पाहू लागली. केशरबाईनं देवमनच्या फोटोला सांगितलं, "पाहा आता. तुमी जलमभर मातकटच ठिवले."

सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग ऊन चढलं. वऱ्हाडातलं ऊन चढतं म्हणजे काय हे ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक. चप्पल तापते, दाराची कडी हाताला चटका देते. आणि रांजणातलं पाणी हातपाय धुवायच्या पाण्यासारखं कोमट. केशरबाईनं पहाटे हापशीचं ताजं पाणी भरून पाहिलं, आत वाळा टाकून पाहिला, झाकणं बदलली. वाळ्याचा वास आला, थंडाई आली नाही. लोक एक घोट घ्यायचे, तिच्याकडे पाहायचे आणि आणखी एक घोट तिच्यासाठी घ्यायचे. मग पेला खाली.

गावातल्या बायांनी निदान करून टाकलं. "देवमनभाऊसंगं थंडाई गेली वो बाई. हातच तसा होता त्याहीचा."

पहिल्यांदा हे ऐकून केशरबाईनं हातातला पेला आदळला. पण दोन दिवसांनी तिला त्यात एक विलक्षण सुख वाटू लागलं. म्हणजे ते खरंच होतं. लोक तोंडदेखलं बोलत नव्हते. हात गेला आणि पाणी गरम झालं, याहून मोठा पुरावा कोणता पाहिजे? रात्रीच्या जेवणाआधी ती फोटोसमोर बसून नवऱ्याला हे सांगायची, आणि सांगताना तिचा ऊर भरून यायचा. पाणी कोमट राहिलं तरी चालेल असं तिला वाटू लागलं होतं, आणि ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

जयंतीला पंधरवडाही उरला नव्हता तेव्हा संघदीप आला. जयंती मंडळाचा अध्यक्ष, गुणी माणूस, देवमनच्या मांडीवर खेळलेला.

"जय भीम आजी. एक इचारू का? जयंतीपासून आमी फाट्यावर थंड पान्याचे जार लावतो. पाटी बाबाच्याच नावाची. रांजन बाजूले ठिऊ, आठवन म्हून. त्याइच्यात झाडं लावू मस्त."

"लाव," केशरबाई म्हणाली.

संघदीपला वाटलं होतं म्हातारी भांडेल. ती भांडली नाही म्हणून तोच बावरला आणि चहा न घेता गेला. देवमनच्या रांजणांत सदाफुली लागणार हे ठरून गेलं.

रविवारी पौर्णिमा फाट्यावर आली. सासूला घरून डबा आणला होता. निंबाखाली बसून दोघी जेवल्या. केशरबाईचं मन जड होतं, पण सुनेसमोर तोंड पाडून बसणं तिच्या स्वभावात नाही. काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून ती म्हणाली, "एक मात्र झालं हो. यंदा ओटा कसा कोरडा ठनठनीत हाय. नाही तं दरसाली रांजन झिरपे, वाळू वली, खाली सगळा राडा. गाळात पाय घसरून मी दोनदा पडली. रंग लय कामाचा निंघाला."

पौर्णिमाच्या हातातला घास तसाच राहिला. ती उठली, रांजणाजवळ गेली, निळ्या पोटावरून तळवा फिरवला, खालची वाळू मुठीत घेऊन पाहिली. भट्टीतून काढल्यासारखी कोरडी वाळू. मग तिनं कपाळावर हात मारला, तो इतक्या जोरात की पंक्चरवाल्यानं मान वर केली.

"आई, आपन माती बंद करून टाकली वो."

"काय केली?"

"मी काय मास्तरीन हाय! दरसाली फळ्यावर लिहून देते, पोराइकडून घोकून घेते, अन् घरी मीच डबा आनला रंगाचा." बिचारी रडायच्या बेतात होती. वर्गात शिकवलेलं घरी येताना वाटेतच उतरून जातं, हा अनुभव पुष्कळ मास्तरांना असतो. पण इतक्या ठळक निळ्या रंगात तो सहसा कोणाच्या समोर येत नाही.

मग तिनं सासूला समजावलं. पदराचं टोक पाण्यात भिजवून केशरबाईच्या हातावर ठेवलं आणि डब्याच्या झाकणानं वारा घातला. "लागते का थंड?" लागत होतं. "पानी उडून जाऊन राह्यलं म्हून लागते. पान्याले वाफ व्हाले लय उष्णता पाह्यजे. तुमी उकळता तवा ते चूल देते. पानी उकळाले लागलं का मंग कितीबी जाळ घाला, ते त्याच्यावर तापत नाही. सारा जाळ वाफ करन्यातच जाते. ती उष्णता दिसत नाही, थर्मामीटरवरबी येत नाही, पुस्तकात तिले अप्रकट उष्मा म्हनतात. आता रांजनाखाली चूल कुठं हाय? तरीबी मातीतून झिरपलेलं पानी उनात उडते. त्याले लागनारी उष्णता ते आतल्या पान्यातून वढून नेते. थोडं जाते, बाकीचं थंड होते. आपन दोन हात रंग दिला, छिद्रं बुजली, झिरपनं बंद. मंग कोन नेईल उष्णता बाहीर?"

केशरबाईला सगळं कळलं. परातीवर ताट ठेवू न देणारा हातही आठवला. वाफ जाऊ दे, मंगच निवते. कळलं, आणि तिचा चेहरा कठीण झाला.

"म्हंजे थंडाई मातीची होती."

"हो."

"त्याहीच्या हाताची नाही."

पौर्णिमाला आता कुठे उमगलं आपण काय बोलून बसलो ते. ती काही म्हणायच्या आत केशरबाईनं डबा बांधायला घेतला. "रंग काढाचा नाही. संघदीपले मी हो म्हनली. जार येतील. रांजन हायेत तसे राहू दे." 

दोन दिवस तिनं सुनेचा फोन उचलला नाही. तिच्या बाजूनं विचार करा. नवरा गेला. त्याचा आवाज कोणाच्या आठवणीत नाही, कारण तो बोललाच नाही. फोटो एक, तोही मतदार ओळखपत्रावरून मोठा केलेला. चार गावं त्याच्याविषयी जी एक गोष्ट सांगत होती, ती आता शाळेच्या पुस्तकानं काढून घेतली. रांजण गरम राहिले तर ती गोष्ट टिकणार होती. गार झाले तर देवमन म्हणजे मातीच्या भांड्यात पाणी भरणारा एक माणूस, दुसरं काही नाही. केशरबाईनं गरम पाणी पत्करलं आणि त्यात तिचं काही चुकलं असं निदान मला तरी म्हणवत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दिलावर आला. आता तो स्वतः जीप चालवत नाही, पोरगा मोईन चालवतो; म्हातारा नुसता शेजारी बसून हॉर्न कधी वाजवायचा ते सांगतो. पण उतरल्याशिवाय राहत नाही. "जय भीम भाभी," म्हणाला, पेला घेतला, घोट घेतला. "वा. पानी मस्त." आणि पेला हातात धरून बोलत बोलत निंबामागे गेला, जसं काही निंबाचा मोहर पाहायचा आहे. केशरबाईनं मान तिरपी करून पाहिलं. पाठ तिच्याकडे करून त्यानं पेला हळूच मुळाशी ओतला, आवाज होऊ नये म्हणून पार खाली वाकून. मग कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत परत आला आणि पेला देताना म्हणाला, "दिल खुश झाला."

जीप गेली. केशरबाई त्या ओल्या मुळाकडे पाहत बसली. देवमनच्या पाण्यावरून माणूस तहानलेला परत गेला होता, आणि वर 'झालं' म्हणून गेला होता. इतकी वर्षं त्यानं हे होऊ दिलं नव्हतं. गोष्ट त्याची होती, पण पाणीही त्याचंच होतं, आणि दोन्ही ठेवता येणार नव्हतं. ती तिथेच, भर उन्हात, मोठ्यानं रडली. पंक्चरवाला धावत आला तर त्याला म्हणाली, "वीट हाय का तुयापाशी?"

सासूचा फोन गेला तशी त्या संध्याकाळी पौर्णिमा पॉलिश पेपर घेऊन आली, तोपर्यंत केशरबाईनं विटेच्या तुकड्यानं पहिल्या रांजणाचं पोट खरवडून अर्धं केलं होतं. चक्र तिनं ठेवलं, भोवतीचा रंग काढला. दोघींनी तिन्ही रांजण घासले. हात निळे, लुगडं निळं, नाकावर निळं. दुसऱ्या दिवशी रांजण भरले आणि वाट पाहिली. पाणी निवलं, पण जेमतेम. देवमनच्या पाण्याशी त्याची तुलनाच नव्हती.

"असं काहून?" केशरबाईनं विचारलं. तिला धीर निघत नव्हता.

पौर्णिमानं बोटानं पोट चाचपलं. "रंग छिद्राइत गेला आई. अन् हापशीचं पानी खारं. ते उडते तवा खार मातीतच राह्यते, हे पाहा पांढरं. नुसत्या खारानंबी छिद्रं बुजतात. रांजन जुना झाला का थंड करत नाही म्हनतात लोकं, ते ह्याच्यानंच." ती विचार करत थांबली. "बाबाचे रांजन तं इतके जुने. मंग शेवटच्या सालापर्यंत इतकं थंड कसं राह्यत होतं? कोनीतरी बाहीरून रोज घासल्याबिगर जमतच नाही हे. रोज, भरायच्या आंधी."

केशरबाई रांजणाच्या पोटावर हात ठेवून तिथेच बसली.

रोज. भरायच्या आधी. उजाडायच्या सुमारास देवमन नारळाचा काथ्या आणि विटेची भुकटी घेऊन रांजणांपुढे बसायचा आणि घासत राहायचा. वरून, खालून, गोल गोल, मग ओल्या हातानं सगळं पुसून काढायचा. घरी जळण फोडायचं पडलेलं, पोराला शाळेला उशीर, आणि हा माणूस रांजणाला आंघोळ घालतो म्हणून ती किती बोलली असेल! 'आतून धुवा ना, लोकं आतलं पेतात का बाहीरचं?' असं ती जन्मभर म्हणत आली. त्याला कामातून वेळ काढायची हौस आहे, असं तिनं धरून ठेवलं होतं. त्यानं एकदाही उलटून सांगितलं नाही. त्याला खार, छिद्रं, उष्मा काही ठाऊक असेल असं नाही. घासलं की निवतं एवढं त्याच्या हातांना कळलं होतं. त्या हातांचे तळवे विटेसारखे खरखरीत झाले होते आणि विनोद तान्हा असताना ती म्हणायची, 'लेकराच्या गालाले हात लावू नका.'

"सांगाचं तं होतं ना मले," ती रांजणाकडे पाहून म्हणाली. मग म्हणाली, "म्या तरी कुठं इचारलं."

पौर्णिमा तिच्याजवळ बसून राहिली.

दुसऱ्या सकाळपासून केशरबाई काथ्या घेऊन बसू लागली. पहिल्या दिवशी बोटांची सालं निघाली. तिसऱ्या दिवशी रांजणांचा रंग काळपट ओला झाला, खाली वाळू भिजली, ओट्यावर पुन्हा पूर्वीसारखा राडा झाला. तिनं तो राडा पाहिला आणि त्यावर कोणाला चप्पल घालून येऊ दिलं नाही. संघदीपला निरोप गेला की जार आण, पण शेजारी लाव. रांजण हलणार नाहीत. तो बिचारा आनंदानं आला आणि रांजणाचेच दोन पेले पिऊन गेला.

जयंतीच्या दिवशी फाट्यावर गर्दी उसळली. निळे झेंडे, पांढरी लुगडी, एसट्या भरून माणसं. देवमनच्या पाण्याला रांग लागली. दिलावरनं तीन पेले घेतले आणि निंबाकडे गेला नाही. रांगेत एक अनोळखी बाई होती, पोराला काखेत घेतलेली, घामानं निथळणारी. तिनं पेला एका दमात संपवला आणि डोळे मिटून उभी राहिली.

"मावशी, बर्फ टाकता का यात?"

"नाही वो बाई," केशरबाई म्हणाली. सकाळपासून जो आला त्याला ती न विचारता हेच सांगत होती, हिला तर विचारल्यावर सांगायचं होतं. "बाहीरून घासा लागते. रोज. माया नवरा घासे. जलमभर घासत होता, अन् मी समोर बसून म्हनत होती, टाइमपास करून राह्यला."

मागे रांग खोळंबली होती, काखेतलं पोर पेल्याला हात लावत होतं. त्या बाईनं पेला पुढे केला.

"अजून द्या," ती म्हणाली.

केशरबाईनं पेला घेतला आणि काठोकाठ भरला.